हानले : अंधाराची भागीदारी

लेह सोडल्यावर सिंधू नदी बराच काळ प्रवाशाच्या सोबतीला असते. उपशीपर्यंत रस्ता मनालीच्या हमरस्त्यानेच जातो. तेथे तो डावीकडे फुटतो आणि नदीचा काठ धरून पूर्वेकडे निघतो. चुमाथांगचे गरम पाण्याचे झरे, माहेचा पूल, न्योमा अशी ठिकाणे एकामागून एक मागे पडत जातात. लोमा येथे सिंधूचा निरोप घेऊन गाडी दक्षिणेकडे वळते आणि हानले नदीच्या रुंद, उघड्या खोऱ्यात शिरते. सुमारे अडीचशे किलोमीटरांच्या या प्रवासात झाडे जवळजवळ दिसतच नाहीत. पिवळ्या पडलेल्या गवतात कियांग नावाचे रानगाढवांचे कळप चरत असतात आणि डोंगरांचे रंग दर वळणावर बदलत असतात.

हानले गाव समुद्रसपाटीपासून ४,२०० मीटरांहून अधिक उंचीवर आहे. टेकडीवर सतराव्या शतकातील, राजा सेंगे नामग्याल याच्या काळातील बौद्ध मठ आहे. त्याच्या पायथ्याशी आणि आसपास भोक, शादो, पुंगुक, खुल्दो, नागा अशा छोट्या वस्त्या विखुरलेल्या आहेत. येथे येणाऱ्याने लेहमध्ये दोन-तीन दिवस काढून शरीराला विरळ हवेची सवय लावणे आवश्यक असते. सीमेलगतचा प्रदेश असल्याने परवान्याची चौकशीही लेहमध्येच करून घ्यावी लागते. मुक्काम गावकऱ्यांच्या घरीच असतो. वरण-भात, भाजी आणि खंबीर नावाची जाड लडाखी रोटी असे साधे शाकाहारी जेवण मिळते; कंदमुळे वर्ज्य असणारी कुटुंबे मात्र आधी कल्पना देतात आणि खाकरा, मेतकूट असा कोरडा शिधा सोबत आणतात.

एवढ्या दूर माणसे येतात ती अंधारासाठी. गावाजवळच्या दिग्पा-रत्सा री या डोंगरावर, ४,५०० मीटर उंचीवर, बंगळूरच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेची वेधशाळा आहे. तेथील दोन मीटर व्यासाच्या दुर्बिणीला सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या स्मरणार्थ ‘हिमालयन चंद्र दुर्बीण’ असे नाव देण्यात आले. सप्टेंबर २००० मध्ये तिने पहिल्यांदा आकाश पाहिले. बंगळूरजवळच्या होसकोटे येथून उपग्रहाद्वारे ती चालविली जाते. वेधशाळेभोवतीचा अंधार टिकावा म्हणून डिसेंबर २०२२ मध्ये १,०७३ चौरस किलोमीटरांचा प्रदेश ‘हानले डार्क स्काय रिझर्व्ह’ म्हणून अधिसूचित झाला. घरांच्या खिडक्यांना जाड पडदे, बाहेरच्या दिव्यांना झाकण, रात्री वाहनांच्या प्रखर दिव्यांवर निर्बंध असे नियम गावाने स्वीकारले. त्याचबरोबर गावातील तरुण-तरुणींना दुर्बिणी देऊन आणि आकाशाची ओळख करून देऊन पाहुण्यांना तारे दाखविण्याचे काम त्यांच्याकडे सोपविण्यात आले. अंधार राखल्याने घरात चार पैसे येऊ लागले, हे या योजनेचे व्यावहारिक मर्म आहे.

नोव्हेंबर-डिसेंबरच्या अमावस्येच्या सुमारास येथे येणाऱ्या हौशी छायाचित्रकारांच्या सामानात एखादी लहान दुर्बीण हमखास असते. त्यांतील काहींचे लक्ष्य डोळ्यांनी दिसतच नाही. सारथी तारकासमूहातील ब्रह्महृदय आणि वृषभेतील रोहिणी हे दोन ठळक तारे ओळखता आले, की त्यांच्या पूर्वेच्या बाजूस वृषभेच्या एका शिंगाचे टोक, म्हणजे अग्नी हा तारा सापडतो. त्याच्या पूर्वेला साधारण तीन अंशांवर आकाशाचा जो तुकडा आहे, तो मोठ्या दुर्बिणीतूनही रिकामाच भासतो. प्रत्यक्षात तेथे सहा पूर्णचंद्र शेजारी-शेजारी मावतील एवढा रुंद, तांबड्या-निळ्या तंतूंचा एक गोल पसरलेला आहे. त्याचे नाव सिमेईस १४७. सुमारे ४,००० प्रकाशवर्षे दूर असलेला हा एका ताऱ्याच्या मृत्यूचा अवशेष आहे.

सूर्यापेक्षा कितीतरी जड असलेल्या ताऱ्याच्या गाभ्यातील इंधन संपते, तेव्हा लोहाचा गाभा स्वतःच्या भाराखाली खचतो. सूर्याच्या सुमारे १.४ पट वस्तुमानाची जी मर्यादा चंद्रशेखर यांनी तरुणपणी गणिताने मांडली, ती ओलांडली की हे खचणे थोपविता येत नाही. बाहेरचे थर स्फोटाने उधळले जातात. हाच अतिनवतारा, म्हणजे सुपरनोव्हा. काही आठवडे तो अब्जावधी ताऱ्यांइतका तेजस्वी असतो. त्यानंतर उधळलेला वायू हजारो वर्षे पसरत राहतो आणि वाटेतील विरळ वायूवर आदळून मंद प्रकाश देतो. सिमेईस १४७ मधील हा वायू आज दीडशे प्रकाशवर्षांहून अधिक रुंदीवर पसरला आहे. तेवढ्या विस्तारात वाटले गेल्यामुळेच त्याचे तेज इतके क्षीण झाले आहे.

या अवशेषाच्या आत ताऱ्याचा उरलेला गाभाही सापडला आहे. १९९० च्या दशकात पोर्तो रिकोमधील अरेसिबो येथील रेडिओ दुर्बिणीला तेथे एक स्पंदक आढळला. एखाद्या शहराएवढ्या आकाराची ही अतिघन वस्तू सेकंदाला सुमारे सात वेळा स्वतःभोवती फिरते. २०१५ मध्ये त्याच परिसरात वेगाने दूर जाणारा एचडी ३७४२४ हा तारा ओळखला गेला. स्पंदक आणि तारा यांची गती उलट दिशेने मोजत गेल्यास सुमारे ३०,००० वर्षांपूर्वी दोघेही एकाच जागी असल्याचे आढळते. ते एकमेकांभोवती फिरणारे जोडतारे होते. एकाचा स्फोट झाला आणि दुसरा गोफणीतून सुटलेल्या दगडासारखा दूर फेकला गेला. त्या वियोगाच्या काळी पृथ्वीवर हिमयुग चालू होते.

सिमेईस हे नाव मात्र आकाशातले नाही. क्रिमियात काळ्या समुद्राच्या काठी सिमेईझ नावाचे गाव आहे. त्याच्या माथ्यावरील कोश्का डोंगरावर १९०० साली निकोलाय माल्त्सोव्ह या सधन रशियन गृहस्थाने स्वखर्चाने एक खासगी वेधशाळा उभारली. माल्त्सोव्ह व्यवसायाने खगोलशास्त्रज्ञ नव्हता. आकाशाची हौस एवढेच त्याचे भांडवल होते. तथापि १९०८ मध्ये त्याने आपली वेधशाळा पुल्कोव्हो येथील सुप्रसिद्ध राष्ट्रीय वेधशाळेला दान केली. पुढे याच डोंगरावरून शोधल्या गेलेल्या एका लघुग्रहाला ‘माल्झोव्हिया’ असे दात्याचे नाव देण्यात आले. दुसऱ्या महायुद्धात सिमेईझची वाताहत झाली. युद्धानंतर ग्रिगोरी शाइन आणि व्हेरा गाझे या दोघांनी तेथे पुन्हा काम उभे केले. हायड्रोजनच्या तांबड्या प्रकाशाला संवेदनशील असणाऱ्या काचांवर रुंद क्षेत्राच्या कॅमेऱ्याने त्यांनी आकाश पद्धतशीरपणे टिपले आणि तेजोमेघांची यादी तयार केली. १९५२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात क्रमांक १४७ वर हा तंतुमय गोल होता. एका हौशी माणसाने आपल्या मालकीची वस्तू सर्वांची केली, आणि त्याच्या पश्चात त्या जागेचे नाव एका तेजोमेघाला कायमचे लागले.

हानलेच्या पठारावर आज जी माणसे याच तेजोमेघासाठी दुर्बीण लावतात, त्यांचे काम संध्याकाळीच सुरू होते. सूर्य मावळताच तापमान झपाट्याने उतरते आणि डिसेंबरात ते शून्याखाली वीस अंशांच्या आसपास जाते. आधी दुर्बिणीच्या माउंटचा अक्ष ध्रुवताऱ्याशी जुळवावा लागतो, म्हणजे पृथ्वी फिरत असली तरी दुर्बीण ताऱ्याचा अचूक पाठलाग करते. धातूला उघडे बोट लागले तर चटका बसतो. तारा ताठ होतात. विद्युतघट थंडीत लवकर दम टाकतात, म्हणून ते लोकरीच्या कापडात गुंडाळून ठेवावे लागतात. आकसणाऱ्या धातूमुळे दुर्बिणीची नाभी सरकते आणि ती दर तासाला पुन्हा जुळवावी लागते. भेसूर थंडीत कॅमेऱ्याच्या संवेदकाचे तापमानही विचारपूर्वक ठरवावे लागते: कॅमेऱ्यातील यंत्रणा फक्त गारवा निर्माण करते, ऊब नव्हे. बाहेर उणे वीस असताना उणे दहाचा आकडा धरून ठेवणे तिला जमत नाही, आणि तापमान हलते राहिले तर संवेदकाचा स्वतःचा दोष नंतर नेमका वजा करता येत नाही.

संवेदकासमोर अतिशय अरुंद पट्ट्याचा फिल्टर असतो. एका फिल्टरमधून केवळ हायड्रोजनचा ६५६.३ नॅनोमीटर लांबीचा तांबडा प्रकाश जातो, दुसऱ्यातून ऑक्सिजनचा ५००.७ नॅनोमीटरचा निळसर हिरवा. पाच-पाच मिनिटांची एकेक चौकट टिपली जाते. डिसेंबरच्या मध्यास सिमेईस १४७ हानलेच्या क्षितिजावर तीस अंशांहून वर नऊ तासांहून अधिक काळ राहतो आणि मध्यरात्रीच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर येतो. सारे सुरळीत पार पडले तर पहाटेपर्यंत शंभराच्या आसपास चौकटी हाती लागतात. त्यांतली कोणतीही एक उघडून पाहावी, तर तीत ताऱ्यांचे ठिपके आणि रवाळ करडेपणा यांखेरीज फारसे काही नसते. तेजोमेघाचा प्रकाश तेथे असतो, परंतु संवेदकाच्या आणि आकाशाच्या गोंगाटात तो हरवलेला असतो.

येथून पुढचा भाग वाणी-व्यापाऱ्याला सहज उमगावा असा हिशेबाचा आहे. चौकटी एकावर एक रचल्या की खरा प्रकाश चौकटींच्या संख्येइतका वाढतो. गोंगाट मात्र यदृच्छेने कधी कमी, कधी जास्त असल्याने केवळ त्या संख्येच्या वर्गमुळाइतका वाढतो. म्हणून चित्राची स्वच्छता दुप्पट करायची तर वेळ चौपट लागतो. तिप्पट करायची तर नऊपट. चार तासांवरून सोळा तासांवर, सोळावरून चौसष्टवर जावे लागते. ऑक्सिजनचे तंतू हायड्रोजनच्या तंतूंहूनही फिके असल्याने त्यांच्यासाठी आणखी तास हवेत. सुट्टीचे दिवस, चंद्राच्या तिथी, ढग आणि प्रवासखर्च यांचा मेळ घालता एकट्या माणसाच्या पदरात एका मोसमात असे तास फार थोडे पडतात. मुद्दल तुटपुंजे आणि व्याज वर्गमुळाने, असा हा व्यवहार आहे.

त्यावर हौशींनी शोधलेला उपाय व्यापाऱ्यांच्या ओळखीचा आहे. भागीदारी! दहा जणांनी प्रत्येकी दहा तास टिपून एकत्र केले, तर शंभर तासांचे चित्र होते आणि ते एकट्याच्या दहा तासांच्या चित्राहून तिपटीने स्वच्छ असते. भागीदार एकाच ठिकाणी असण्याची गरज नाही. कोणी हानलेत असतो, कोणी युरोपातील आपल्या परसात, कोणी अमेरिकेच्या वाळवंटात. अरुंद पट्ट्याचा फिल्टर शहरी उजेडाचा बराचसा भाग अडवीत असल्याने पुण्या-मुंबईच्या गच्चीवरून टिपलेला हायड्रोजनचा प्रकाशही या राशीत जमा होऊ शकतो. अर्थात तेथील तासाचे मोल हानलेच्या तासाइतके नसते. प्रत्येकाची दुर्बीण निराळी, संवेदक निराळा, आकाशाची पार्श्वभूमी निराळी. म्हणून सर्व चौकटींतील ताऱ्यांच्या जागा जुळवून त्या एका मापात बसवितात आणि प्रत्येक चौकटीला तिच्या स्वच्छतेनुसार वजन देतात. वजन कमी-जास्त असते, परंतु श्रेयाच्या यादीत सर्वांची नावे राहतात.

भागीदारीचा पाया हिशेबाच्या सचोटीवर असतो, तसा येथेही आहे. ढग येऊन गेलेली चौकट आपली म्हणून कोणी आत सरकवीत नाही. ती वगळावीच लागते. आज आकाशात इतके कृत्रिम उपग्रह फिरतात, की कित्येक चौकटींवर त्यांच्या पांढऱ्या रेघा उमटतात. एकाच ठिकाणी अनेक चौकटींची साक्ष काढली, की एखाद्याच चौकटीत असलेली रेघ आपोआप बाद ठरते. साक्षीदार जितके अधिक, तितका निवाडा पक्का. अंतिम संस्काराच्या वेळी मोह मोठा असतो. गोंगाट पुसणारी आणि रेषा धारदार करणारी आधुनिक संगणकीय साधने इतकी समर्थ आहेत, की जेथे तंतू नाही तेथेही ती तंतू उमटवू शकतात. अशा वेळी वेगवेगळ्या भागीदारांच्या चौकटींतून स्वतंत्रपणे चित्र करून पाहतात. जो तंतू सर्वांत दिसतो तो खरा. जो एकाच्याच चित्रात दिसतो तो कितीही सुंदर असला तरी खात्यातून वजा करावा लागतो.

ही सचोटी केवळ हौसेपुरती नाही, हे अलीकडच्या काळात सिद्ध झाले आहे. २०२१ मध्ये अमेरिकेच्या डार्टमथ महाविद्यालयातील खगोलशास्त्रज्ञ रॉबर्ट फेसन यांनी आकाशगंगेच्या पट्ट्यापासून दूर असलेल्या तीन अतिविशाल अवशेषांवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्याच्या लेखकांत जर्मनीचे मार्सेल ड्रेक्सलर आणि फ्रान्सचे झेव्हियर स्ट्रॉटनर या हौशींची नावे होती. पुढच्याच वर्षी याच दोघांनी यान सँती या फ्रेंच छायाचित्रकारासोबत काम करताना देवयानी दीर्घिकेच्या शेजारी ऑक्सिजनच्या प्रकाशाची एक लांबलचक कमान शोधून काढली. देवयानी ही आकाशातील सर्वाधिक छायाचित्रे घेतल्या गेलेल्या वस्तूंपैकी एक. तरीही ही कमान तोवर कोणाच्या नजरेस आली नव्हती, कारण ऑक्सिजनच्या फिल्टरमधून इतके तास तिकडे कोणी पाहिलेच नव्हते. पहिली शंका साहजिकच दोषाची होती: हे भिंगातले प्रतिबिंब तर नव्हे? वेगळ्या ठिकाणच्या, वेगळ्या दुर्बिणींनी हौशींनी पडताळणी केली, आणि कमान प्रत्येकीत दिसली. जानेवारी २०२३ मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला. ती कमान नेमकी कशाची, यावर शास्त्रज्ञांची चर्चा अजून चालू आहे. ती आहे, याबद्दल मात्र वाद उरलेला नाही.

हानलेच्या भागीदारीत आणखी एक भागीदार आहे. त्याच्याजवळ दुर्बीणही नाही आणि श्रेयाच्या यादीत त्याचे नावही येत नाही. संध्याकाळी दिवा लावण्यापूर्वी घराघरांतून आमा-ले, म्हणजे घरची वडीलधारी बाई, खिडकीचा जाड पडदा ओढून घेते. पाहुणा उजेडाची विजेरी घेऊन अंगणात निघाला, तर त्याला तांबड्या उजेडाची विजेरी वापरण्यास सांगितले जाते. हा वाटा बिनखर्चाचा नाही. वर्षानुवर्षे विजेची वाट पाहिलेल्या गावाने, वीज आल्यावर, ती घराच्या आत झाकून ठेवण्याचे मान्य केले आहे.

हा वाटा आता कसोटीला लागला आहे. उमलिंग ला या अतिउंच खिंडीकडे जाणाऱ्या प्रवाशांचा ओघ हानलेवरूनच जातो. रस्ते सुधारले, समाजमाध्यमांतून आकाशगंगेची चित्रे पसरली आणि पूर्वी ज्या वाटेवर क्वचित चाक फिरत असे, तेथे मोसमात गाड्यांची रांग दिसू लागली. त्यांतील बहुतेक जण अंधार पाहण्यासाठीच आलेले असतात. परंतु सवयीने गाडीचे मोठे दिवे लावून येतात. रात्री दोन वाजता वळणावरून आलेला असा एक झोत पठारावर फिरतो, तेव्हा तेथे मांडलेल्या प्रत्येक दुर्बिणीतील त्या क्षणाची चौकट वाया जाते. ३०,००० वर्षांपूर्वी झालेल्या स्फोटाचा, ४,००० वर्षे प्रवास करून आलेला प्रकाश दुर्बिणीच्या तोंडाशी येऊन पोहोचलेला असतो, आणि अखेरच्या क्षणी गाडीच्या दिव्यापुढे हरतो. एक चौकट बाद करता येते. झोत वाढत गेले, तर साक्षीदारच उरत नाहीत. रिझर्व्हच्या नियमांचे पालन करवून घेण्याचे काम गावातील तरुण करतात. पाहुण्याला दुखविल्यास घरचा मुक्काम रिकामा राहण्याची भीतीही त्यांच्याच मनात असते. हानलेचा अंधार पाहायला येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला त्यात आपला वाटा भरणे शक्य आहे: उजेड असेतो मुक्कामी पोहोचणे, दिवे मंद ठेवणे आणि मुलांच्या हातातील भ्रमणध्वनी खिशात राहू देणे.

पहाटे पूर्वेकडे करडा उजेड फुटू लागतो. दुर्बिणींवर दवाचे बर्फ झालेले असते. छायाचित्रकार शेवटी काही काळ्या चौकटी टिपतात; दुर्बिणीच्या तोंडावर झाकण ठेवून घेतलेल्या या चौकटी संवेदकाचा स्वतःचा दोष मोजण्यासाठी असतात. मग पेट्या बंद होतात आणि घरात आमा-ले चहाचे आधण ठेवते. चित्र त्या सकाळी तयार नसते. ते काही आठवड्यांनी, कित्येक ठिकाणांहून आलेल्या चौकटी जुळल्यावर, संगणकाच्या पडद्यावर हळूहळू उमटते: तांबड्या तंतूंचे गुंतवळ, त्यांच्या कडेने ऑक्सिजनची निळी झाक, आणि गोलाच्या आत कोठेतरी न दिसणारा, सेकंदाला सात वेळा फिरणारा तो गाभा. चित्राखाली नावांची यादी असते आणि प्रत्येक नावापुढे त्याने दिलेल्या तासांचा आकडा. हानलेच्या खिडक्यांवरील पडद्यांचे तास त्या यादीत कोणी मांडीत नाही. चित्रातील काळ्या पार्श्वभूमीत तेवढे ते जमा असतात.